वेलाखालचा खिसा

शगुफ्तानं ब्लेडचा कोपरा टाक्याखाली घातला, अलगद उचलला आणि कापला. एक टाका सुटला. असे अजून शंभर तरी होते, आणि प्रत्येक टाक्यामागं जुन्या सदऱ्याच्या विरलेल्या कापडात सुईचं भोक उरत होतं. सकाळपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता.

गोधडी निरवांगीच्या भामाबाईची. वरचा थर म्हातारीनं स्वतः हातानं जोडलेला. सगळीकडं लुगड्यांचे तुकडे, आणि बरोबर मधोमध तिच्या नवऱ्याच्या, गेणबाच्या, पांढऱ्या सदऱ्याचा छातीकडचा भाग, खिशासकट. गेणबा जाऊन दोन वर्षं झालेली. खिशाचं तोंड तिनं उघडंच ठेवलं होतं. आत कापूस घालून सगळे थर एकत्र शिवायचं काम तेवढं बारामतीला शगुफ्ताकडं आलं होतं, तिच्या लांब हाताच्या मशीनवर.

त्या मशीनची रीतच उफराटी. नक्षीचा लांबलचक कागद मागच्या टेबलावर पसरायचा, शिवणाऱ्या बाईनंही मागंच उभं राहायचं, आणि मशीनच्या लाल उजेडाचा ठिपका कागदावरच्या रेघेवरून हातानं चालवत न्यायचा. ठिपका जाईल तशी पुढं कापडावर सुई जाते. डोळे सगळा वेळ कागदावर. सुईखाली काय येतंय ते दिसतच नाही. म्हणून नक्षी आधीच नीट विचार करून निवडायची असते, आणि तिथंच शगुफ्तानं माती खाल्ली होती.

गोधडी द्यायला आली त्या दिवशी भामाबाईनं कागदांचे सगळे गुंडाळे उलगडून बघितले. पानं बघितली, शंख बघितले, आणि शेवटी लाटांच्या नक्षीवर बोट ठेवलं. दोन लाटांत चांगलं वीतभर अंतर होतं, खिसा आरामात मोकळा राहिला असता. पण टेबलावर इंदापूरच्या एका लग्नाच्या सहा रजयांसाठी दाट वेलाचा कागद आधीच चिकटवलेला. तो काढा, लाटा लावा, मग पुन्हा वेल जुळवत बसा, कोण करणार एवढा उपद्व्याप? शगुफ्तानं सरळ थाप मारली, की लाटा एवढ्या जाड गोधडीला बसत नाहीत, वेलच घ्या. म्हातारीनं लाटांवरचं बोट उचललं. मग घे बाई तुझ्या मनानं, म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

गोधडी मशीनवरून उतरवली तेव्हा शगुफ्तानं ती पहिल्यांदा पुढून बघितली. वेल खिशाच्या तोंडावरून तीनदा आडवा गेला होता. तिच्या नवऱ्यानं, परवेजनं, नक्षी झकास उठलीय म्हणून सांगितलं. म्हातारीला पत्तासुद्धा लागणार नाही, उगं जिवाला लावून घेऊ नको, असंही म्हणाला. तिनं दोन दिवस न लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण जमेना. आपल्या आळसापायी एका बाईच्या मेलेल्या माणसाचा खिसा आपण शिवून टाकला, याची तिला मनस्वी लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ब्लेड घेऊन बसली.

दुपारी भामाबाई आली तेव्हा शेवटचा टाका नुकताच निघाला होता. शगुफ्तानं तिला पाणी दिलं, गोधडी तिच्या मांडीवर पसरली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. लग्नाच्या रजयाही सांगितल्या आणि थापही सांगितली.

भामाबाईनं ऐकून घेतलं.

"म्हंजी शिवला गेला व्हता?"

"व्हय मावशी. पण मी सगळं उसवलं. भोकं तेवढी राहिलीत. माफ करा मला."

"का उसवलास गं?"

शगुफ्तानं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

म्हातारीच मग हळूहळू बोलू लागली. गेणबा बाजारातनं आला की त्या खिशात तिच्यासाठी आलेपाकाची वडी असायची, जन्मभर कधी चुकली नाही. तो गेला आणि हिचा हात रोज उठून त्या खिशात जायला लागला. रिकामा बाहेर आला की सगळा दिवस वाईट जायचा. सून म्हणायची, शिवून टाका एकदाचा. चारदा सुईत दोरा ओवला, चारही वेळा हात धजावला नाही.

"म्हणून तर तुझ्याकडं आणली. लाटांवर बोट ठिवलं तवा मन मागं सरलं व्हतं माझं. तू वेल म्हणलीस, तवा म्हणलं, बरं झालं. मशीनला कुठली माया? जाईल खिशावरनं."

थाप मारून जे काम बरोबर झालं होतं, तेच शगुफ्तानं भल्या मनानं बिघडवून ठेवलं होतं. आत्ता लगेच हातानं शिवून देते, असं म्हणत ती उठली, डबा उघडला, पांढरा दोरा शोधला, सुईत ओवला.

वळून बघते तर भामाबाईची बोटं खिशात गेली होती, पार मुळापर्यंत.

"ऱ्हाऊ दे आता," भामाबाई म्हणाली. "रिकामाच हाय."

पण हात काही तिनं बाहेर काढला नाही. शगुफ्ता सुई धरून तिच्यापाशी उभी राहिली.