मुंद आणि हिंद

"मुंद," अण्णा म्हणाला आणि माझं डोकं सटकलं.

"मुंद मुंद काय लावलंयस, अण्णा? पाय संपलेत त्याचे. त्याला पुढं उभा करून कुणाला अडवणार हाईस तू?"

"मुंद," अण्णा पुन्हा म्हणाला आणि चालता असलेला डावा हात त्यानं गादीवर आपटला.

मोबाईलवरचा बास्केटबॉल हा. आपण फक्त पाच गडी कुठं उभे करायचे ते ठरवायचं, सामना कॉम्प्युटर खेळतो. आमचा संघ पहिल्यापासून फुल कोर्ट प्रेसवाला. म्हणजे समोरच्यानं चेंडू आत टाकला की तिथंच त्याच्या उरावर बसायचं, अर्ध्या मैदानापर्यंतही येऊ द्यायचं नाही. त्याला पुढं पळणारा गडी लागतो, आणि मागं आपल्या बास्केटखाली एक शहाणा, जागा न सोडणारा. पुढच्या गड्याला मी हौसेनं अण्णाचं नाव दिलं होतं, वीरभद्रप्पा. गेममधली माणसंही म्हातारी होतात हे तेव्हा कुणाला ठाऊक?

खरा अण्णाही पुढंच खेळायचा. मैंदर्गीहून सोलापुरात आलेले आम्ही दोघं भाऊ मैदानावर कानडीत ओरडायचो. मुंद म्हणजे पुढं, हिंद म्हणजे मागं. अर्ध्या सोलापूरला कानडी कळतं, पण आम्हाला वाटायचं, लई गुपित भाषा आहे.

होळीनंतर अण्णाला झटका आला. उजवी बाजू गेली, मराठी तर पारच गेलं, उरले ते चार-दोन कानडी शब्द. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. पण बाकी कशाला तो तोंडच उघडेना, या खेळाला तेवढं उघडायचा. म्हणून दर रविवारी मी यायचो, त्याला विचारून गडी लावायचो आणि मार खायचो. आज हरलो की संघ लीगमधून बाहेर, खेळ बंद. मग याच्याशी बोलायचं तरी कशावर?

"अमरेशभावजी, वरडू नका की त्येंच्यावर." राजेश्वरीवहिनी पिठाच्या हातानं दारात आल्या. "लई उलटं बोलतेत हल्ली. सकाळी च्या पार गार झालेला, आन् हे म्हनतेत बिसी, बिसी. मला वाटलं गरम लागला, चटका बसला. मी आनखी गार करून दिला. मग कप ढकलला तवा कळलं, गार हाय म्हनायचं व्हतं."

मी अण्णाकडं बघितलं. मोबाईल त्याच्यासमोर धरला आणि वीरभद्रप्पाला बोटानं ओढत मागं, आपल्या बास्केटखाली आणून सोडलं.

अण्णानं मान हलवली. हलवतच राहिला.

म्हणजे हा कधीपासून स्वतःहून मागं जायला तयार होता, आणि मीच त्याला धरून पुढं रेटत होतो. वर त्यालाच हट्टी म्हणत होतो. मला असा संताप आला की सांगता सोय नाही, आणि काढायला समोर कुणी नव्हतं.

सामना झाला. वीरभद्रप्पा मागं पहाडासारखा उभा राहिला, पण पुढं पळायला कुणी नव्हतंच. हरलो. संघ लीगमधून गेला. मी मोबाईल खिशात घातला आणि उठलो.

"होगु," अण्णा म्हणाला.

होगु म्हणजे जा. दर रविवारी सामना संपला की तो हेच म्हणायचा. मला वाटायचं, हरल्याचा राग आहे. मी मुकाट चपला घालून घरी जायचो.

"वैनी," मी आत हाक मारली, "माझी पण भाकरी टाका." आणि गादीच्या कडेला बसलो.