वानोळ्याच्या बाटल्या

पारशिवनीच्या बाजारात टोमॅटोला कुणी विचारेना, म्हणून त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात गावातली ढोरंसुद्धा टोमॅटो खात होती. माझी लेक तेव्हा सात महिन्यांची. तिला कडेवर घेऊन मी नागपूरहून एसटीनं यायची, बायकांना सॉस करायला शिकवायला. शिकवणी प्रयागबाईंच्या अंगणात. चुलीवर रस आटेपर्यंत पोर त्यांच्या सुनेच्या, प्रेमिलाच्या मांडीवर झोपायची.

नागपुरात धंतोलीतल्या एका दुकानदारानं नमुन्याच्या बारा बाटल्या मागितल्या होत्या. पसंत पडल्या तर दर महिन्याला घेणार होता. प्रयागबाईंचा जीव त्या बारांत अडकलेला. कारण त्यांचा मुलगा चंद्रभान शनिवारी बायकोला घरी ठेवून खापरखेड्याला ठेकेदाराकडे कामाला निघणार होता. "हे जमलं तर नाही जात," एवढं मात्र तो बोलला होता.

शनिवारी मी बाटल्या न्यायला गेले, तर फळी रिकामी!

"वाटल्या ना बाई," प्रयागबाई हसून म्हणाल्या.

"वाटल्या? काहून?" मी त्यांच्याच बोलीत ओरडले.

"आता घ्या! नव्या जिनसेचा वानोळा शेजारीपाजारी देल्ल्याबिगर इकाचं का? आज दुसऱ्या करून घेऊ."

"चारची बस आहे. दुकानदाराला आजचाच वायदा केलाय मी."

त्यांचा चेहरा उतरला. दिलेला वानोळा परत मागायचा म्हणजे जन्माचं हसं. क्षणभर त्या ओट्यावर टेकल्या. मग पदर खोचून टोपलं उचललं आणि शेजारच्या घरापासून सुरुवात केली. मी मागोमाग.

"भीमाबाई, बाटली दे वं परत. फोडली का?"

"फोडतो कायची! तोंडाले मेण लावून देल्लं तुवं. मले वाटलं, देवाजवळ ठेवाची चीज हाय."

सगळ्या घरी तेच. मेण पाहून कुणी हातच लावला नव्हता. समोरच्या घरच्या चंपतरावांनी मात्र चिमटा काढला, "वानोळा वापस नेणारी पयलीच बाई पाह्यली बुवा!"

"हसा. पोरगं घरी राह्यलं त तुमाले दोन देईन."

खोक्यात अकरा जमल्या. बारावी कुठं गेली, ते प्रयागबाई सांगेनात. प्रेमिलानं हळूच माझ्या पिशवीकडे पाहिलं. लंगोटांच्या खाली बाटली होती, मघाशीच कुणीतरी सरकवलेली.

"ते नाही मांगत मी. लेकराचा वानोळा हाय," प्रयागबाई म्हणाल्या.

मी ती बाटली काढून खोक्यात ठेवली. त्यांनी मान फिरवली, मग माझी पिशवी ओढून तिच्यात चार टोमॅटो कोंबले. रिकामी कशी जाऊ देतील!

चंद्रभान खोकं घेऊन बसमध्ये चढला आणि माझ्या शेजारी बसला. त्याचं बोचकं काही दिसेना.

"खापरखेडा ना गा?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही. नागपूर. रात्री वापसच येतो," असं म्हणत त्यानं खोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. माझी लेकही तश्शीच धरायची, नवीन काही हाती आलं की.