मांडवामागचं मत

ड्रायव्हर दिलावरने डॅशबोर्डवर दोनदा मूठ आपटली, पेनड्राइव्ह काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा खोचला. स्पीकर खरखरला. आधी कोणीतरी खोकलं, मग गिटार सुरू झाली.

पुढच्या सीटवर, दिलावर आणि दाराशी बसलेल्या सवारीच्या मधे चेपून बसलेल्या प्रसेनजितने तो खोकला ओळखला. त्याचाच होता.

पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून त्याने ही गाणी रेकॉर्ड केली होती. हे पहिलं गाणं तिसऱ्यांदा गायला तेव्हा शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली, चौथ्यांदाही झाली, म्हणून मग खोकल्यासकट दुसऱ्या वेळचंच ठेवलं. ‘उन्हाळी वर्ग’ असं त्या अल्बमचं नाव. आठ गाणी, एक गिटार, एक आवाज. त्यावर स्वतःचं नाव घालायचीही त्याला लाज वाटली होती. नुसतं ‘प्र’ लिहिलं होतं. तीन वर्षांत ऐकणारे इतके थोडे, की त्यातले निम्मे तो स्वतःच असावा. एका संकेतस्थळावर कोणा अनोळखी माणसाने चार ओळींचं परीक्षण लिहिलं होतं. त्याचा शेवट ‘ऐकायला हरकत नाही’ असा होता. एखाद्याची हरकत असती तरी बरं झालं असतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

आणि आता कारंज्याहून कामरगावला निघालेल्या काळी-पिवळी जीपमध्ये, मेच्या भर दुपारी, हे.

तो घरी निघाला होता तेही या गाण्यांपायीच. ती ऑनलाइन ठेवायची मुदत महिनाअखेर संपत होती, वाढवायची का असा मेल आला होता. वाढवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. आता वाशिमची कंत्राटी नोकरी, सकाळी सातला खोली सोडायची, परत येईतो पाठीचं लाकूड झालेलं; गिटार कपाटावर धूळ खात पडलेली. बस झालं. पण गाणी उतरायच्या आधी बाबांना सांगावं, असं त्याला का कोण जाणे वाटलं.

बाबा म्हणजे देवमन, गायन पार्टीवाले. जयंतीला, लग्नाला, बुद्धपौर्णिमेला चाळीस वर्षं गावोगाव गायलेला माणूस. अल्बम त्यांच्या मोबाइलवर टाकून दिला तेव्हा दोन दिवसांनी ते म्हणाले होते, “आयकला.” बस्स. पुढे एक अक्षर नाही. त्यानंतर प्रसेनजितने नवं गाणं केलं नव्हतं. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण होतं ते असं होतं.

“झालं का सुरू याचं रडगाणं?” दाराशी बसलेला फुलचंद म्हणाला. कारंज्यात गाडीत चढल्याबरोबर त्याने आपलं नाव, गाव आणि बिघडलेल्या मोटारपंपाचं दुखणं सांगून टाकलं होतं.

“आयकू द्या ना काका,” मधल्या सीटवरची, मांडीवर कॉलेजची बॅग घेतलेली मुलगी म्हणाली.

“पिंके, तुले काय गोड लागते त्यात?” तिच्या शेजारच्या चतुराबाईंनी भाजीचं रिकामं टोपलं पायाशी सरकवलं. “बाप्पा, पोट्टा जेवलाच नाही वाटते. आवाजात दम कुठं हाय? आमच्या गावात असा गायला असता तं माईक काढून घेतला असता हातातला.”

गाडी हसली. मागच्या आडव्या बाकांवरचेही हसले. तोंडावर दुपट्टा ओढून कोपऱ्यात झोपलेला एक म्हातारा तेवढा हलला नाही.

प्रसेनजितच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने मोबाइल काढला आणि काही नसलेल्या पडद्यावर बोट फिरवत राहिला. दुसरं गाणं संपलं, तिसरंही संपत आलं.

“हे चांगलं हाय,” पिंकी म्हणाली. “फक्त शेवटी उगाच लांबवलं. आता संपलं म्हणावं, तं पुन्हा तेच.”

खरं होतं. गातानाच त्याला ते कळत होतं, पण थांबावं कुठे हे काही केल्या सुचलं नव्हतं. तीन वर्षांत हे त्याला कोणी म्हणालं नव्हतं. त्याला मागे वळून त्या मुलीकडे बघावंसं वाटलं आणि बघवलंही नाही.

“भाऊ, हे गाणे तुमच्याकडे कुठून आले?” त्याने दिलावरला विचारलं.

“काहून? तुमालेबी तरास होऊन राह्यला का?”

“नाही. असंच.”

“एक जन देऊन गेले. तीन वर्सं झाले.” दिलावरने समोरून आलेल्या ट्रॅक्टरला वाट दिली. “म्हने, रोज लावत जा, अन् सवाऱ्या काय बोलतात ते मले सांगत जा. गाणारा कोन, कुठचा, ते काही सांगत नाही. म्हनते, नाव सांगतलं का लोक खोटं बोलतात. तोंडावर कोन वाईट म्हनते?”

“कोण देऊन गेले?”

“कामरगावचेच हायेत. देवमनदादा. गायन पार्टीवाले.”

प्रसेनजितचं मोबाइलवरचं बोट थांबलं.

बाबांची ही खोड घरात सगळ्यांना माहीत होती. कार्यक्रमात जोडीदाराचं गाणं सुरू झालं, की ते हळूच उठायचे, डोक्यावरून दुपट्टा घ्यायचे आणि मांडवामागे बिड्या ओढत उभ्या असलेल्या लोकांत जाऊन मिसळायचे. पुढे बसलेले टाळ्या वाजवतात, कारण ते जेवून बसलेले असतात. खरं काय ते मांडवामागे कळते, असं त्यांचं म्हणणं. तिथून परत आले, की कधी एखादं कडवं गाळायचे, कधी चाल चढवायचे. शिव्या ऐकून आले तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही.

पण ती त्यांची गाणी होती. ही त्याची होती. प्रसेनजितला सणसणून राग आला. तीन वर्षं, रोज, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे आपलं हसं केलं या माणसाने, आणि घरात मात्र एक शब्द नाही? सांगायचं होतं तर स्वतःच सांगायचं ना, पोरा, नाही जमलं तुला!

“पहिले सहा महिने लोक लय शिव्या देत,” दिलावर रंगात आला होता. “एक जन तं म्हने, बंद कर, नाही तं मी पायी जातो. गेलाबी. धनजच्या अलीकडं उतरला अन् गेला. आता एखाद् दिवशी नाही लावलं तं इचारतात, आज काहून नाही?”

“सवय झाली म्हनून,” फुलचंद म्हणाला. “दुखऱ्या दाढेचीबी होते.”

“तुमी नवी सवारी हा, भाऊ. तुमीबी सांगा तुमचं मत.” दिलावरने आरशात एक नजर टाकली आणि मिशीतल्या मिशीत हसला. “पोचवून देतो मी बराबर.”

प्रसेनजित सकाळपासून दोन गाड्या बदलून आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

“गाणाऱ्यालेच भरोसा नाही,” तो म्हणाला. “ओळीओळीले माफी मागून राह्यला. अशा माणसानं गाऊच नये. बंद करून टाकावं सारं, म्हणजे सुटला.”

स्पीकरमधून त्याचाच आवाज तेवढा येत राहिला.

“लयच बोलला हा,” चतुराबाई म्हणाल्या. “एवढं काही वाईट नाही बापा ते. माणूस मेहनत करून राह्यला.”

“लिहून घ्या, देवमनदादा!” दिलावरने आरशात पाहून हाक मारली. “उठा, झोप झाली तुमची. आतापरेंतच्या मताईत सगळ्यात खराब मत हे निघालं.”

प्रसेनजितने आरशात पाहिलं. मागच्या कोपऱ्यातला दुपट्टा खाली आला. तोंड घामाने डबडबलेलं होतं, आणि डोळे झोपेतून उठलेल्या माणसाचे नव्हते.

“हेच ते,” दिलावर त्याला म्हणाला. “हप्त्यातून दोनदा बसतात. कारंज्यात काम ना धाम. उतरतात, च्या पेतात, अन् याच गाडीनं वापस.”

प्रसेनजित म्हणाला ते सगळं त्या कोपऱ्यात पोचलं होतं. आपण गाडीत चढलो तेव्हाच बाबांनी आपल्याला पाहिलं असणार, हेही आता त्याच्या ध्यानात आलं.

“हे मत धरू नका, दिलावरभाऊ,” देवमन म्हणाले.

“काहून? सवारीचं मत हाय.”

“सवारी नाही. घरचा माणूस हाय तो. त्याचेच गाणे हायेत. घरच्याचं मत धरत नसतात.”

दिलावरने पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. फुलचंद प्रसेनजितकडे बघू लागला, मग स्पीकरकडे, मग बाहेर. चतुराबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि पिंकीला कोपराने ढोसलं. पिंकी आधीच बघत होती.

“मंग तुमचं सांगा ना, दादा,” दिलावर म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “तीन वर्सं झाले, साऱ्याईचं इचारता. तुमचं एक डावबी नाही सांगतलं.”

देवमनांनी घाम पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

“माह्यं काय धरता? मी तं बाप हाय,” ते म्हणाले. “मले सारंच चांगलं वाटते. पहिल्यापासून शेवटापरेंत. एकबी वाईट नाही वाटत. आता असं मत कोनाले सांगावं? म्हनून तं लोकाईले इचारत फिरून राह्यलो.”

प्रसेनजितला मागे वळायचं होतं, पण एकीकडे गिअर, एकीकडे फुलचंद; वळायला जागाच नव्हती. तो समोर रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता त्याला नीट दिसत नव्हता.

कुठलाच थांबा नसताना दिलावरने गाडी बाजूला घेतली. फुलचंद दार उघडून खाली उतरला आणि दार धरून उन्हात उभा राहिला.

“जा,” तो म्हणाला. “मांगं बसा.”

मागच्या बाकावरचे लोक न सांगता सरकले होते. देवमन त्याच्याकडे न बघता रिकाम्या झालेल्या वीतभर जागेवरची धूळ दुपट्ट्याने झटकत होते.