शंभरात एकेचाळीस निळ्या

तिसरी टाकीही अर्ध्यावर रुसली, तेव्हा काकांनी पुतणीपुढं नावच घेऊन टाकलं.

"वस्तादच. दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलंय त्यांना. जाता जाता आमच्या अन्नात माती कालवतायत. तू पुरावा दे, सोमवारी नारळ देतो."

काकांच्या छोट्या कारखान्यात वस्ताद बावीस वर्षं बिअर आंबवत होते. पुतणीला प्रयोगशाळेत येऊन सहा महिने झाले होते. यीस्टनं जवाच्या रसातली साखर खायची, तिचं मद्य आणि वायू करायचा, एवढा साधा व्यवहार. पण दोन दिवस साखर तसूभर उतरली नव्हती.

गुरुवारी तिनं टाकीतल्या यीस्टच्या थेंबात निळा रंग मिसळला. जिवंत पेशी तो रंग पचवून टाकते. मेलेली निळीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तिनं दोनदा मोजलं. शंभरात एकेचाळीस निळ्या.

तिला आठवलं, कालच टाकीचा वास घेऊन वस्ताद म्हणाले होते, "यात जीव नाही राहिलेला." कुणी मोजायच्या आधी त्यांना कसं कळलं?

थंड खोलीत ती गेली, तर वस्ताद यीस्टच्या पिंपावर हात ठेवून उभे.

"इथं काय करताय?"

"फुगलंय का बघतोय, ताई. मी रोज झाकण सैल करून ढवळायचो. महिन्यापूर्वी काकांनी ते गच्च आवळून कुलूप घातलं. टाकीत ओतायच्या दिवशीच काय ते उघडतात. मी यीस्ट त्या दुसऱ्या कारखान्याला विकतो म्हणे."

"त्यांना सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. म्हणाले, चोराला कुलूप खुपणारच."

जिभेला काय, हाड नसतं. तिनं ना काकांवर विश्वास ठेवला, ना वस्तादांवर. लहान टाकीतलं, कुलपात न गेलेलं यीस्ट तिनं दोन जाड बाटल्यांत भरलं. एकीचं झाकण घट्ट, दुसरीचं सैल. दोन्ही थंड कपाटात ठेवल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

सोमवारी सकाळी सैल बाटलीत शंभरात सहा निळ्या निघाल्या. घट्ट बाटलीत अडतीस.

काका एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिले.

"हे तुला वस्तादांनी शिकवलं?"

"त्यांना बाटल्यांचा पत्ताही नाही. यीस्ट थंडीतही वायू सोडत राहतं, काका. वाट मिळाली नाही, तर त्याच दाबाखाली मरतं."

"म्हणजे मारलं कुणी?"

"तुम्ही."

काकांनी पुन्हा डोळा लावला. आकडा बदलेल अशी आशा असावी. मग ते खाली उतरले. ती जिन्यात थांबली.

"लहान टाकीतलं ताजं यीस्ट घाला आज," काकांचा आवाज आला. "कुलूप काढतोय."

"आणि माझं काय?" वस्तादांनी विचारलं. "सोमवारचं ऐकून होतो मी."

"राहा." काका घुटमळले. "पण पिंप उघडताना मला हाक मारायची. रोज."

"मारीन की," वस्ताद म्हणाले. "पहाटे पाचला उघडतो मी. तुमच्या साखरझोपेचं तेवढं बघा."