नवख्यांचा पट्टा

मित्रांनो, मी कमरेचा एक जुना चामडी पट्टा आहे. माझ्या उजव्या अंगाला पिस्तुलाचे म्यान आहे आणि डाव्या अंगाला गोळ्यांची मॅगझिन ठेवायचे खिसे. फिलिपिन्समधल्या, घरोघरी जोडे शिवणाऱ्या मारिकिना गावात एका चांभाराने मला शिवले. मेणाचा दोरा ओढताना तो शीळ घालायचा.

त्याच देशातल्या इलोइलो शहरच्या एफ्रेनने मला विकत घेतले. धावत, वाकत, आडोशामागून पुठ्ठ्याच्या आणि लोखंडी निशाणांवर गोळ्या झाडायच्या, असा त्याचा खेळ. त्यात नेमही मोजतात आणि वेळही. एफ्रेन नुसता वारा होता! त्याने बक्षिसे जिंकली, वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, त्या फोटोत मीही होतो. तेव्हा मला वाटे, निम्मे यश माझेच आहे.

पुढे हलके प्लास्टिकचे पट्टे आले. एफ्रेनने मला क्लबच्या पडवीत खिळ्याला अडकवले आणि तो विसरून गेला. माझ्या अंगावर बुरशी चढली. म्यानात एका पालीने संसार थाटला.

एके दिवशी क्लबची पंच पुरिंग हिने मला खाली उतरवले आणि पालीला हुसकून लावले.

"एफ्रेन, हा नव्या लोकांना देऊ या. पहिल्याच दिवशी पट्टा विकत घेऊन कोण येतंय?"

"दे की! पण सांगून ठेवतो, हे नवखे आले की अख्खा दिवस खातात."

पुरिंगने मला पुसून मेण लावले. पण मी मनातून खट्टू झालो. विजेत्याच्या कमरेवरून आता कुणाच्याही कमरेला जायचे!

मग साल्वासिओन आली. बाजारात तिची बाचॉयची, म्हणजे शेवया घातलेल्या गरम रश्श्याची, खानावळ होती. दोन्ही मुली परदेशात नर्स होत्या. रविवारी चर्चमधून परतल्यावर रिकामे घर तिला खायला उठे. पुरिंगकडे ती काही आठवडे पिस्तूल हाताळायला शिकली आणि तिच्या पहिल्या स्पर्धेच्या दिवशी मी तिच्या कमरेला बसलो. तिचा श्वास मला कळत होता. फार जलद चालला होता.

"नांग पुरिंग, पोट आत घेऊ का?" आमच्याकडे ताईला नांग म्हणतात आणि दादाला नोंग.

"नको गं बाई, धावताना बाहेर येणारच आहे ते."

दोघी हसल्या. इशाऱ्याची शिट्टी वाजली. साल्वासिओनने पहिली निशाणे छान टिपली, दुसऱ्या आडोशापर्यंत धावली आणि तिथे पिस्तूल अडकले. ती गोंधळली. हातात पिस्तूल तसेच धरून ती विचारायला मागे वळू लागली. मागे माणसे उभी होती.

"थांब!"

पुरिंगने ओरडतच तिचा खांदा दाबून धरला. पिस्तूल रिकामे होऊन म्यानात आले.

"मी कुणाचा तरी जीव घेतला असता," साल्वासिओन पुटपुटली.

"घेतला नाहीस. चापावर बोट नव्हतं, मी बघितलंय. पण आजचा तुझा खेळ संपला. नियम सगळ्यांना एकच." पुरिंगचा आवाज मऊ होता, पण निर्णय पक्का.

तिचे पिस्तूल पेटीत कुलूपबंद झाले. मला सोडवायला साल्वासिओन घाईघाईने बक्कल ओढू लागली. आता ही पुन्हा येणार नाही, हे मला कळून चुकले. तेवढ्यात एफ्रेन जवळ आला. आता हा टोमणा मारणार, असे मला वाटले.

"पट्टा राहू दे," तो म्हणाला. "रिकाम्या हातांनी चल माझ्याबरोबर."

सगळे केळीच्या पानावर भात-मासळी जेवत होते आणि हे दोघे उन्हात, नुसती बोटे पुढे करून, आडोशामागून आडोसा फिरत होते.

"पिस्तूल अडकलं. मागे कोण आहे?"

"माणसं."

"पुढे?"

"पुठ्ठे."

"मग काहीही होवो, नळी पुठ्ठ्यांकडे. बोलायचं असेल तर मान न वळवता बोल."

"ऐकू जाईल का?"

"खानावळीत नोकरांवर ओरडतेस ती गल्लीच्या टोकाला ऐकू येतेस!"

तिला हसू फुटले. मग ती ओशाळून म्हणाली, "नोंग एफ्रेन, माझ्यापायी तुमचं जेवण राहिलं."

"राहिलंच. आता पुढच्या महिन्यात आली नाहीस, तर उपास फुकट गेला म्हणेन."

ती आली. पुन्हा पिस्तूल अडकले. माझ्या कातड्याला तिच्या घामाचा ओलावा जाणवला. पण नळी पुढेच राहिली. तिने अडकलेले काडतूस झटकून काढले आणि उरलेली निशाणे एकेक करून पाडली. ती सर्वांत शेवटी आली. टाळ्या मात्र एफ्रेनने सगळ्यांत आधी वाजवल्या.

त्या दिवशी माझा खट्टूपणा गेला. विजेत्याच्या कमरेवर मी शोभेला होतो. इथे कुणाला तरी माझी गरज होती. आता नवीन माणसाच्या कमरेला मला साल्वासिओनच बांधते. कुणी बारीक असेल तर टोचणीने मला आणखी एक भोक पाडते. मला दुखत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात धूळ खात पडलेली वस्तू पुसून कामाला लावा. तुमच्या मैदानावर कुणी पहिल्यांदा येऊन कडेला बावरून उभे असेल, तर आधी विचारा, "जेवलास का?" त्याचे चुकले तर नियम जरूर सांगा, तिथे सूट देऊ नका. पण त्या दिवशी त्याला एकट्याने घरी जाऊ देऊ नका.