पारव्याचे तीन पदर

"सूनबाई, ट्यूबलाइट बदललीस का गं?"

"नाही मावशी. जुनीच आहे."

रंगमास्तरणीने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्यावर तळहात धरून तिने मांडीवरच्या विणकामाकडे पाहिलं. मग डाव्यावर धरून पाहिलं. पुन्हा उजव्यावर. एका डोळ्याला विणकाम करडं दिसत होतं आणि दुसऱ्याला चक्क जांभळट. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज दहावा दिवस होता, डाव्याचा अजून काढायचा होता. घरी बसून जीव नुसता वैतागला होता, म्हणून डॉक्टरांनी जरा दमानं घ्या म्हटलं तरी ती आज दुकान उघडायच्या आधीच दारात हजर झाली होती.

लोकरीच्या या दुकानात ती एकतीस वर्षं विणत होती, आणि रंगमास्तरीण हे नाव काही उगीच पडलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणेल तो रंग ती तीन धागे एकत्र धरून विणून द्यायची. एक धागा पीळदार, एक गुळगुळीत आणि एक केसाळ, म्हणजे वरचा भडकपणा जरा झाकला जातो. तिचा पारवा तर गावभर ठाऊक होता. राखाडी, तपकिरी आणि निळा असे तीन पदर. कृती कुठे लिहिलेली नव्हती, कारण लोकरीची दर खेप थोडी वेगळी रंगून येते. निळ्याचा धागा जाड घ्यायचा की बारीक, हे तिचा डोळा ठरवायचा. त्याबाबत कुणी मध्ये तोंड घातलेलं तिला खपत नसे. नव्या मुलींना ती सरळ सुनावायची, "तोंड बंद ठेव आणि बघ."

ती विणकाम घेऊन तरातरा दाराबाहेर गेली, भर उन्हात उभी राहिली. पारव्या स्वेटरची पाठ आणि पोट, दोन्ही भाग ऑपरेशनच्या आधी विणून झालेले. फक्त बाह्या राहिल्या होत्या. उन्हात तर जांभळा आणखीच उठून दिसला. ती आत आली, खुर्चीत बसली, लगेच उठली, पुन्हा बाहेर गेली.

"सूनबाई, हा रंग कोणता?"

सूनबाईने सासऱ्यांकडे, म्हणजे दुकानाच्या मालकांकडे पाहिलं. त्यांनी एकाएकी कपाटातले लोकरीचे गुंडे नीट लावायला घेतले. कधी नव्हे तो नीटनेटकेपणा त्यांच्या अंगात शिरला होता.

तिला जे कळायचं ते कळलं. तिने विणकाम काउंटरवर ठेवलं.

"कधीपासून?"

"ताई, डोळ्यात नवीन भिंग आहे, थोडे दिवस रंग..."

"मालक, मी कधीपासून विचारलं."

"दोन वर्षं झाली असतील," मालक कपाटाकडे तोंड करूनच म्हणाले. "लोकांना चालतं हो, ताई. तीनच काय ते परत आले."

"परत आले? आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार? मला रंग कुणी शिकवले?"

सूनबाईला राहवलं नाही. "मावशी, मी तुम्हाला निळा बारीकच काढून देत होते. पण तुम्ही म्हणायचात, कमी पडतो, जाड दे."

हे तर मालकांच्या बोलण्यापेक्षाही झोंबलं. मोतीबिंदूच्या पिवळट पडद्याआड तिला निळा फिका दिसत होता, म्हणून ती जाड मागत राहिली होती. दोन वर्षं लहान मुलासारखं आपल्याला सांभाळून घेतलं जात होतं आणि आपण तोऱ्यात मिरवत होतो. तिला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. राग काढायचा तरी कुणावर? तिने तीन गुंडे उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. जुन्या डोळ्यावर विश्वास नाही आणि नवा अजून ओळखीचा नाही.

तेवढ्यात घड्याळजी आला. स्वेटर त्याचाच होता. बाह्यांचं माप द्यायला तो बारा वर्षांपूर्वीचा पारवा अंगात घालूनच आला होता. कोपरं विरलेली, पण रंग अजून तोच. तो स्वेटर अंगावरून उतरवत नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. रंगमास्तरणीने नवा भाग त्याच्या छातीला लावला. सांगायला कुणाची गरजच उरली नाही.

"चुकलाय," ती म्हणाली. "माझा डोळा चुकलाय."

"अहो, मला ऊब मिळाल्याशी मतलब," घड्याळजी हसला. "जांभळा तर जांभळा. बायको म्हणेल, म्हाताऱ्याला नवीन शौक लागला. बाह्या लावून टाका."

मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा ताई, मी म्हणालो नव्हतो का?"

खरंच, इथे गप्प बसलं असतं तर काही बिघडलं नसतं. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. तिच्याही मनात क्षणभर ते येऊन गेलं. पण हा माणूस हे जांभळं घालून गावभर फिरणार आणि विचारलं की सांगणार, रंगमास्तरणीचा पारवा आहे.

तिने शेवटच्या ओळीचं टोक शोधलं आणि ओढलं.

"अहो, अहो, महिन्याची मेहनत आहे!" घड्याळजी ओरडला.

"माझीच आहे ना? मग मी बघते. तुम्ही माप देऊन जा. दीड महिना लागेल."

तो गेला. टाके भराभर उसवत होते. तीनही धागे एकत्रच निघत होते, नागमोडी झालेले, आणि ते एकमेकांपासून सोडवत ती तीन वेगवेगळे गुंडे करत होती. दुपार टळली तेव्हा सुयांवर नव्याने तीस टाके पडले आणि आठ ओळींचा नमुना विणून झाला. तिने तो उचलून धरला. एक डोळा म्हणाला छान, दुसरा म्हणाला अजून निळाच.

"सूनबाई, इकडे ये. हे घेऊन उन्हात जा आणि मला सांग."

"मी?"

"मग काय मालकांना पाठवू?"

सूनबाई दारात गेली, नमुना वळवून वळवून पाहिला आणि परत आली. चेहरा शाळेत उत्तर चुकेल या भीतीने व्हावा तसा झालेला.

"मावशी... निळा अजून बारीक हवा. अगदी दोऱ्याएवढा."

एकतीस वर्षांत या दुकानात तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. तिचा हात गुंड्यावर थांबला. 'तोंड बंद ठेव' हे तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले. मग कात्री घेतली, निळा धागा कापला आणि आणखी बारीक धाग्याचा गुंडा पुढ्यात ओढला.

"अजून?" तिने विचारलं, आणि सुया मांडीवर ठेवून ऐकत बसली.