वीस किलोंच्या टप्प्यात

टनभाऊंचं वजन करू शकेल असा एकच काटा आसपास होता, आणि तो ट्रकांसाठी होता.

खडीच्या यार्डात फाटकातून आत आलं की डाव्या हाताला तो जमिनीत बसवलेला होता. ट्रक चढला की लोखंडी फलाट कण्हल्यासारखा वाजायचा आणि शेजारच्या केबिनच्या खिडकीवर लाल आकडे उमटायचे. केबिनमध्ये टनभाऊ. रिकामी गाडी तोलायची, भरलेली तोलायची, चिठ्ठी फाडून द्यायची, "चला, पुढे घ्या" म्हणायचं. लग्नाआधीपासून ते हेच काम करत होते, आणि त्यांचं खरं नाव पगार देणाऱ्याखेरीज कुणी घेत नव्हतं.

घरी आणलेला वजनकाटा त्यांनी पाय ठेवताच आकड्यांऐवजी आडव्या रेघा दाखवायचा, शेवटी तो भंगारात गेला. दवाखान्यातली नर्स "हा दीडशेपर्यंतच जातो हो" म्हणून ओशाळायची. यार्डाच्या काट्याने मात्र कधी कुरकुर केली नाही. दुपारी फाटक रिकामं असलं की ड्रायव्हर चिडवून चिडवून त्यांना फलाटावर उभं करायचे. आकडा आला की टाळ्या. टनभाऊही कुस्ती जिंकल्यासारखे हात वर करून चारी दिशांना वळायचे.

समोरच्या शेडमध्ये त्यांची बायको ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायची. मांडीवर ताडपत्री, मुठीत दाभण, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधलेला. ड्रायव्हर तिला वहिनी म्हणायचे. नवऱ्याचा हा तमाशा ती रोज बघायची आणि मान खाली घालून हसायची. मग एका दुपारी गाड्यांनी हॉर्नवर हॉर्न वाजवले तरी केबिनमधून चिठ्ठी येईना. ती धावत गेली. टनभाऊ खुर्चीत मान टाकून झोपले होते, ओठ निळसर पडलेले. गदागदा हलवल्यावर त्यांनी एक लांब श्वास ओढला आणि विचारलं, "किती भरली?"

तिचे सासरे असेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. थोरले दीरही. त्या दिवसापासून तिने ऑपरेशनचा धोशा लावला.

"पोट कापून घेऊ?" टनभाऊ म्हणाले. "इतक्या मायेने वाढवलंय ते?"

"तुम्ही वाढवलंत आणि मी निस्तरतेय. मला म्हातारपणी सोबतीला कुणीतरी लागेल."

"मग कुत्रा पाळ."

"पाळला असता. पण तुमच्याएवढं घोरणारा मिळायला हवा ना."

ऑपरेशन नीट झालं. जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवली. जो भाग गेला त्यातच भुकेचा निरोप तयार होतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. म्हणजे आता भूक जवळपास लागणारच नाही, घड्याळ बघून खायचं. आधी अंडं, डाळ, मासा, मग बाकीचं. घास चिमटीएवढा, अगदी लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. गोळ्या जन्मभर. आणि उलट्या होऊ लागल्या तर वाट न बघता यायचं. बायकोने सगळं डोक्यात पक्कं केलं. टनभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

घरातली मोठी ताटं तिने माळ्यावर टाकली आणि लहान मुलांची असते तशी एक वाटी आणली. पहिल्यांदा अंडं दिलं तेव्हा त्यांनी जुन्या सवयीने अर्धं एकदम तोंडात टाकलं आणि दोनदा चावून गिळलं. लगेच छातीवर हात गेला, कपाळावर घाम आला. ती पाठ चोळत बसली. बऱ्याच वेळाने घास खाली सरकला. टनभाऊ वाटीतल्या उरलेल्या अर्ध्या अंड्याकडे असे बघत होते, की जणू त्यानेच मारलं होतं.

"भूक नाही गं लागत," ते म्हणाले, "पण खावंसं वाटतं. मग हे वाटणं कुठून येतं?"

ते कुठून येतं हे तिला यार्डात दिसायचं. पूर्वी दुपारी केबिनबाहेर सगळे डबे एकत्र उघडायचे. फलाट झाडणारा म्हातारा, ज्याला सगळे मामा म्हणायचे, आपल्या डब्यातला शेवटचा भात न विचारता टनभाऊंकडे सरकवायचा. आताही त्याचा हात सवयीने पुढे यायचा, मध्येच थांबायचा आणि डबा मागे जायचा. टनभाऊ एक घास चावत राहायचे, तोवर बाकीच्यांची जेवणं उरकून हात धुऊन व्हायचे. हळूहळू ड्रायव्हर पलीकडे गाडीच्या सावलीत बसू लागले. "तुमच्यासमोर खाताना चोरी केल्यासारखं वाटतं हो," एकाने सांगूनही टाकलं.

उरलं ते वजन. जेवणाची जागा वजनाने घेतली. रोज दुपारी फलाट मोकळा झाला की टनभाऊ त्यावर उभे राहायचे, आणि पांगलेली सगळी माणसं परत गोळा व्हायची. एकशेऐंशीचे एकशेसाठ झाले तेव्हा मामाने झाडू खांद्यावर घेऊन सलाम ठोकला. एकशेचाळीस झाले तेव्हा ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. एकशेवीस झाले तेव्हा बायको दाभण हातात तसंच धरून शेडमधून पळत आली. टनभाऊंचा चेहरा तिने लग्नातही इतका उजळलेला बघितला नव्हता.

मग आकडा हलेनासा झाला.

रोज उभं राहायचं, रोज एकशेवीस. आठवडे गेले.

"टनभाऊ, पंक्चर झालं काय?"

"अरे, गियर अडकलाय त्यांचा!"

"वहिनी, खरं सांगा, चोरून भरवता ना?"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या संध्याकाळी भांडी घासता घासता तिने विचारलं, "तुम्ही फ्रीज उघडून काही खात नाही ना हो?" टनभाऊ उठून आतल्या खोलीत गेले. आपला हा प्रश्न तिला पुढे आयुष्यभर सलणार होता.

दुसऱ्या दिवसापासून वाटीत अंडं उरू लागलं. मग डाळ उरू लागली. गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या बंद झाल्या. मोरीत नळ सोडल्याचा आवाज यायचा आणि त्याखाली दुसरा एक आवाज.

"उलटी झाली का?"

"घाईत खाल्लं गं."

"डॉक्टरांकडे जाऊ या का? तपासणीची तारीखही होऊन गेली."

"कोणत्या तोंडाने जाऊ? गेल्या वेळेइतकेच आकडे घेऊन? एकदा काटा हलू दे, मग जाऊ."

तिला ते पटलं. खरं तर न पटण्यासारखं बरंच काही तिच्याच हाताखालून जात होतं. त्यांची पँट तिने कंबरेला चार बोटं आत घेतली होती. काही दिवसांनी पुन्हा तीन बोटं घेतली. शर्टाचे खांदे उतरले होते ते उसवून वर घेतले. शिवणकामात मुरलेली बाई ती. ताडपत्री बोटांत धरून किती झिजली ते सांगणारी. पण समोर रोज लाल आकडे झळकत होते, आणि आकड्यांपुढे तिने बोटांचं ऐकलं नाही. धुऊन धुऊन कापड सैल पडलं असेल, असं तिने मनाला सांगितलं.

टनभाऊंच्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडू लागली आणि त्यांना पत्ता लागेना. एक पाय चपलेत, एक खडीवर, आणि हे चाललेत फाटकाकडे. ड्रायव्हरांना करमणूक झाली. पायाला मुंग्या येतात, असं ते एकदा म्हणाले. बसून बसून येत असतील, असं ती म्हणाली.

ते पडले तेव्हा सकाळ होती. केबिनच्या पायऱ्या उतरताना गुडघे असे मिटले, की जणू कुणी आतून दोरी सोडली. ते खडीवर बसले आणि समोरच्या ड्रायव्हरवर ओरडले, "अरे, फलाटावर दोन गाड्या एकदम कशा घातल्या?"

फलाटावर एकच गाडी होती.

"सकाळी सकाळी लावली वाटतं!" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "पोट लहान केलं, पण ग्लास नाही केला लहान!"

लोक हसत होते तेव्हा ती पोहोचली. तिने त्यांचा चेहरा हातात धरला. बुबुळं एका जागी ठरत नव्हती, बारीक बारीक हिसके देत बाजूला सरकत होती. हसणं एकेक करून बंद झालं. मामाने झाडू टाकला आणि त्यांना काखेत धरून उभं करू लागला. "अगं बाई," तो तिच्याकडे बघून म्हणाला, "हे काही एकशेवीस किलोंचं ओझं नाही."

जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना तिनेच सांगितलं, "अशक्तपणा आलाय हो, खाणं जात नाही. एक सलाईन लावा, ताकद येईल." त्यांनी ग्लुकोजचं लावलं. बाटली संपेपर्यंत टनभाऊ तिला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागले होते.

मग मोठं हॉस्पिटल, ऑपरेशन झालं होतं तेच. तिथे पलंगासकट वजन करायची सोय होती. नर्सने आकडा वाचला, "एकशे अकरा."

"नाही," ती म्हणाली, "एकशेवीस आहे. कालच केलंय."

"कुठल्या काट्यावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ट्रकच्या काट्यावर? कमीत कमी किती फरक कळतो त्याला?"

"वीस किलो," ती म्हणाली. खडीच्या धंद्यात वीस किलो म्हणजे चाकांना चिकटलेला चिखल. तो काटा वीस-वीसच्या टप्प्यांनीच बोलायचा, मधलं काही त्याला दिसायचंच नाही. एकशे एकोणतीसलाही तो एकशेवीस म्हणाला असता आणि एकशे अकरालाही. हे टनभाऊंनीच तिला नव्या नवलाईच्या दिवसांत केबिनमध्ये बसवून शिकवलं होतं. माणूस त्या लाल आकड्याआड रोज थोडा थोडा संपत गेला होता, आणि ते दोघं एका जागी अडकलो म्हणून स्वतःलाच कोसत राहिले होते.

"उलट्या कधीपासून?"

तिने सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एका जीवनसत्त्वाचं नाव घेतलं, बी वन. शरीर ते फार साठवून ठेवत नाही. खाणं तुटलं आणि उलट्या सुरू झाल्या की काही आठवड्यांतच साठा संपतो. मग नसा आणि मेंदू. आणि साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं.

"म्हणजे सलाईनमुळे?"

"फक्त सलाईनमुळे नाही," बाई म्हणाल्या. यापुढचं वाक्य त्यांनी जुळवून बघितलं आणि सोडून दिलं.

इंजेक्शनांनी डोळे ठिकाणावर आले. पाय आले नाहीत. भिंतीला धरून उभं राहता येई, तेवढंच. आणि ऑपरेशननंतरच्या दिवसांत काय घडलं, आज काय घडलं, आत्ता पाच मिनिटांपूर्वी काय घडलं, यातलं काही त्यांच्या डोक्यात टिकेना. जिथे रिकामं असेल तिथे ते स्वतःचंच काहीतरी भरायचे. मामा भेटायला आला की टनभाऊ खुर्चीतूनच सांगायचे, "आज फाटकापासून रांग होती बघ. आत्ताच येऊन टेकलोय." मामा हो हो म्हणायचा आणि जाताना डोळे पुसायचा.

ती आता ताडपत्र्या घरी आणून शिवायची. एका बाजूला ताडपत्रीचा ढीग, एका बाजूला नवरा, मध्ये वाटी.

सगळ्यात अवघड होतं ते त्यांचं एक विचारणं. दिवसातून कितीतरी वेळा ते मान वळवून विचारायचे, "जेवलो का गं मी?" चेष्टा नव्हती. भूक सांगायला पोटात काही उरलं नव्हतं आणि आठवण सांगायला डोक्यात काही उरलं नव्हतं. ती "हो" म्हणाली तर ते जेवलेले असायचे, "नाही" म्हणाली तर उपाशी.

एका दुपारी घाईची ताडपत्री होती. वाटीत कुस्करलेलं अंडं केव्हाचं गार होत होतं. एकेक चमचा भरवायला, चावायची आठवण करायला, अडकला तर पाठ चोळायला अर्धा तास मोडणार होता. दाभणाने बोट सोलवटलं होतं, त्यावर घाम झोंबत होता.

"जेवलो का गं मी?"

"जेवलात," ती मान वर न करता म्हणाली.

"हं." ते खुर्चीत सैलावले. मग थोड्या वेळाने, अगदी मनापासून म्हणाले, "छान झालं होतं. मीठ बरोबर पडलं होतं आज."

ताडपत्रीतून अर्धं बाहेर आलेलं दाभण तिथेच थांबलं. टनभाऊ पोटावरून हात फिरवत होते, पोट भरलेल्या माणसासारखा. उद्याही ती असंच म्हणाली असती तरी ते असेच समाधानाने बसले असते. परवाही. कुणालाही, अगदी त्यांनाही, काही कळलं नसतं.

तिने दाभण सोडलं. हाताचं चामडं सोडायचं सुचलं नाही. तशीच उठली, वाटी उचलली आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"जेवायची वेळ झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली," ती म्हणाली. "तोंड उघडा."